बुवा नको, बारी हवी

२०२५च्या चतुर्थीच्या सुमारास बातमी वाचली, की 'द पोलीस' या बँडमधल्या दोघांनी आपल्याच गायकावर लंडनच्या हायकोर्टात दावा लावला आहे. ड्रमवाला स्टुअर्ट कोपलँड आणि गिटारवाला अँडी समर्स एका बाजूला, स्टिंग दुसऱ्या बाजूला. भांडण गाण्यांच्या पैशाचं. मी तेव्हा माटवीला, म्हणजे गणपतीवरच्या लाकडी चौकटीला, बांधायची हरणं आणि कवंडळं ही रानातली सजावट निवडत लोट्यावर, म्हणजे ओटीवर, बसलो होतो, मोबाइल मांडीवर. बातमी वाचून मला अगदी मनापासून आनंद झाला. 'बरी जिरली' असं मोठ्यानं म्हणालोसुद्धा. बायकोला वाटलं, शेजारच्या बांधाच्या केसमध्ये काहीतरी झालं. मग त्याच आनंदात कानात वायरी खुपसून मी त्या बँडची गाणी एकामागून एक लावली आणि कवंडळांच्या देठांना सुंभ गुंडाळत गुणगुणत राहिलो. मध्येच कधीतरी डोक्यात आलं, की यातलं प्रत्येक गाणं वाजलं की त्याचा वाटा त्याच माणसाच्या खिशात पडतोय, ज्याची जिरली म्हणून मी खूश आहे. पैशाचा कितवातरी हिस्सा असेल, पण पडतोय खरा. वायरी काढून ठेवाव्यात असं वाटलं. काढल्या नाहीत. गाणं संपायला अजून अवकाश होता.

स्टिंग मला आवडत नाही. आणि त्याची गाणी काही सुटत नाहीत.

ही गाणी माझ्याकडे आली ती चेहऱ्याशिवाय आली. आमचा एक आतेभाऊ बोटीवर होता. तो सुट्टीत घरी आला की पेटीतून परदेशी साबण, बिनकामाची चाकू-कात्री आणि कॅसेटी निघायच्या. कॅसेटी बहुतेक कुणाकडून तरी भरून घेतलेल्या, वर बॉलपेनने इंग्रजीत काहीतरी खरडलेलं. कव्हर नाही, फोटो नाही. बाहेर देवगडचा पाऊस, आत पडवीत ओल्या खोळी आणि तिरफळांचा वास, आणि टू-इन-वनमधून येणारा तो उंच, जरा घासलेला आवाज. शब्द एक कळत नव्हता. पण आमचे कान भजनावर वाढलेले. इतक्या वरच्या पट्टीत गाणारा माणूस म्हणजे आमच्या लेखी बुवाच. काळी पाचला चढलेला बुवा. आम्ही पोरं त्याला 'इंग्लिश बुवा' म्हणायचो. आणि खरी गंमत होती ती ठेक्यात. भजनात सगळी जमवाजमव करून माणसं समेवर येतात, तिथे झांज कडाडते, बसलेल्यांच्या माना हलतात. इथे नेमक्या त्या जागी काहीच नसायचं. पहिली मात्रा मोकळी सोडून वजन पुढे कुठेतरी पडायचं. तो रेगेचा ठेका, जमैकातून इंग्लंडात आलेला, हे पुष्कळ नंतर वाचलं. तेव्हा एवढंच व्हायचं की मान हलायला जायची आणि अधांतरीच थांबायची. मग पुढच्या वेळेस आपण अधिक लक्ष देऊन वाट बघायची. असं करता करता गाणं अंगात शिरायचं आणि नारळ सोलताना, गुरं आणताना आपोआप तोंडात यायचं, बिनशब्दांचं.

चेहरा आला तो केबल टीव्हीबरोबर. तोवर बँड फुटून जमाना झाला होता. १९७७ ते १९८४, एवढाच त्यांचा खरा संसार, अल्बम पाच. त्यांच्या ऐन बहरात, १९८० साली, हे तिघे मुंबईत येऊन वाजवून गेले होते, तेही मला नंतर कळलं आणि उगाचच आपल्या हक्काचं काही हुकल्याची चुटपुट लागली. टीव्हीवर दिसला तो एकटा स्टिंग. देखणा, सडपातळ, आणि बोलताना हनुवटी किंचित वर. प्रश्न विचारणाऱ्याकडे बघायची एक तऱ्हा, जशी आमच्याकडे मुंबईहून आलेला शिकलेला काका गावातल्या भावंडांकडे बघतो. इंग्रजी नीट कळू लागलं तसा राग वाढला. १९८९मध्ये त्यानं ॲमेझॉनचं जंगल वाचवायला संस्था काढली, तिथल्या आदिवासींच्या राओनी नावाच्या प्रमुखाला बरोबर घेऊन जगभर हिंडला. चांगलं काम, नाही कोण म्हणतो? २००० साली तोच जॅग्वार गाडीच्या जाहिरातीत मागच्या सीटवर रेलून बसलेला दिसला. २००६मध्ये चारशे वर्षांपूर्वीच्या जॉन डाउलंड या इंग्रज संगीतकाराची गाणी ल्यूट या जुन्या तंतुवाद्याच्या साथीनं गायला, मधूनमधून त्याची पत्रं वाचून दाखवत. २००९ला ताश्कंदमध्ये, उझबेकिस्तानच्या हुकूमशहाच्या मुलीनं भरवलेल्या सोहळ्यात गाऊन आला, आणि लोकांनी विचारल्यावर बहिष्कारानं काही साधत नाही असं तत्त्वज्ञान ऐकवलं. यातल्या एकाही गोष्टीसाठी त्याला कुणी फाशी देणार नाही. पण सगळं मिळून एक माणूस उभा राहतो आणि तो माझ्या पडवीत बसलेला मला चालणार नाही.

इथे एक सांगतो. गुन्हेगार कलावंताचं काय करायचं, हा प्रश्न जड आहे, पण त्याला निदान वजन आहे. ज्यानं माणसांना इजा केली त्याची कला बाजूला ठेवली तर आपल्याला कुणी वेडा म्हणत नाही. नुसता डोक्यात जाणारा माणूस असेल तर मात्र पंचाईत. त्याच्यावर बहिष्कार टाकायला कारण पुरत नाही आणि त्याच्यावर प्रेम करायला मन होत नाही. आपण रोज थोडे थोडे चिडतो आणि रोज थोडं थोडं गुणगुणतो.

ही पंचाईत माझ्या घरात माझ्याआधीची आहे. आमच्या भागात एक भजनीबुवा होते. आहेत अजून, म्हणून नाव घेत नाही. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, त्यांच्या तोडीचा गळा त्या काळात आमच्या पंचक्रोशीत नव्हता. रूपावली सुरू केली की मंडपातली कुजबुज थांबायची, गवळणीला बायका लोट्यावरून पुढे सरकायच्या आणि गजराला तर समोरच्या बाजूच्या बुवांची माणसंही टाळ्या द्यायची. आणि माणूस म्हणून? उशिरा येणार. आल्यावर चहा साखरेचा की गुळाचा यावरून घरवाल्यांना शिकवणार. माईकवरून स्वतःच्या कोरसवाल्याला 'सूर घरी ठेवून आलास काय' म्हणून चारचौघांत उघडा करणार. पाकीट स्वतः घेणार आणि त्यातून पखवाजवाल्याच्या हातावर काय ठेवायचं ते स्वतः ठरवणार. माझ्या वडलांचं आणि त्यांचं तर उभं वाकडं, जुन्या कुठल्यातरी पाणंदीवरून. वडील त्यांच्या बारीला जायचे नाहीत. म्हणजे मंडपात जायचे नाहीत. देवळाच्या मागच्या अंगाला चिऱ्यांचा गडगा आहे, त्यावर काळोखात बसायचे, बिडी ओढत, पहाटे गजर संपेपर्यंत. घरी येताना मी विचारलं, कशी झाली बारी, की ठरलेलं उत्तर: "पखवाज बरो वाजलो."

पखवाजच बरा वाजायचा. दर वेळी.

मी स्टिंगच्या बाबतीत हेच करत आलो. कुणी मला पोलीसची गाणी ऐकताना पकडलं तर मी लगेच कोपलँडचा हात दाखवतो. ऐक, ती हायहॅट, ड्रमवरची झांजांची जोडी, ऐक, बाकी सोड. आणि खरंच तो हात तसा आहे. पत्र्यावर पावसाचे पहिले थेंब पडतात तसा अनिश्चित सुरू होतो आणि बघता बघता सगळं गाणं खेचून नेतो. नाहीतर समर्सची गिटार दाखवतो. 'एव्हरी ब्रेथ यू टेक' हे १९८३चं गाणं, अमेरिकेत आठ आठवडे पहिल्या नंबरावर राहिलेलं, लोकांना आठवतं ते त्यातल्या गिटारच्या तुटक तुटक चालीनं. ती चाल समर्सनं बसवली. पण गाण्याच्या सातबाऱ्यावर नाव एकट्या स्टिंगचं. शब्द आणि सूर त्याचे, म्हणून गाणं त्याचं. त्यावर ज्यानं कलम बांधलं तो कुळातसुद्धा नाही. १९९७ साली पफ डॅडी या अमेरिकन रॅपरनं तीच गिटार उचलून नवं गाणं केलं, तेही जगभर वाजलं, आणि त्याच्या श्रेयनामावलीत स्टिंगचं नाव आलं, समर्सचं नाही. ही हकिगत मला तोंडपाठ आहे आणि ती सांगताना मला बरं वाटतं, हेही खरं. सामाईक जमिनीत एकाचंच नाव लागलेलं बघून चिडायला कोकणातल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

पण मग मी कधी कोपलँडला एकट्याला ऐकलं का? ऐकलं. सिनेमांसाठी त्यानं केलेलं संगीत ऐकलं. समर्सनं रॉबर्ट फ्रिप या दुसऱ्या गिटारवाल्याबरोबर केलेली गिटारही मिळवून ऐकली. हुशारीचं काम आहे. त्यातलं एकही नारळ सोलताना तोंडात येत नाही. उलट बाजूनं स्टिंगचे एकट्याचे अल्बमही ऐकले, चांगले वादक घेऊन केलेले, घोटीव, पॉलिश लावलेले. एखादं गाणं सोडलं तर तिथेही अंगात काही शिरलं नाही. म्हणजे तिघांपैकी कुणीच एकटा मला नको आहे. जे हवं आहे ते तिघे एका घरात कोंडलेले असतानाच तयार होत होतं, आणि ते घर सुखाचं नव्हतं. 'सिंक्रोनिसिटी' हा शेवटचा अल्बम त्यांनी कॅरिबियनमधल्या माँटसेरात बेटावर केला. कोपलँडचे ड्रम जेवणघरात मांडलेले, समर्स स्टुडिओत, स्टिंग कंट्रोल रूममध्ये. तीन खोल्या, तीन माणसं, मध्ये भिंती. कोपलँडला ठेक्यात नक्षी हवी होती, स्टिंगला साधा, सरळ ठेका हवा होता, आणि त्यावरून वाजलं. 'एव्हरी ब्रेथ यू टेक'मधला ड्रम त्यामुळे असा कोरडा राहिला. दाबून धरलेल्या माणसाचा हात आहे तो. गाण्यातला बोलणारा बाई कुठे जाते, काय करते यावर डोळा ठेवून आहे. त्याच्या बोलण्याखाली हा रोखलेला हात सतत चालू असतो. ते ऐकून अंगावर काटा येतो तो स्टिंगनं आणला की त्यानं दाबलेल्या कोपलँडनं?

हे गाणं लग्नात वाजवतात! गेल्या मोसमात कुडाळला एका हॉलमध्ये नवरा-नवरी स्टेजवर येताना डीजेनं हेच लावलं. नवरीच्या मागे धूर, पुढे गुलाबाच्या पाकळ्या, आणि वर हा माणूस सांगतोय की तुझ्या प्रत्येक श्वासावर माझी नजर आहे. स्टिंगनं स्वतः अनेकदा सांगितलंय की हे पाळतीचं, मालकीचं गाणं आहे, प्रेमाचं नव्हे. इथे मी त्याच्या बाजूचा. शेजारच्या खुर्चीवरच्या मामेबहिणीला अर्थ सांगू लागलो तर ती म्हणाली, "दादा, जेवून घे आधी, वडे थंड होतायत."

या गाण्यावरूनच माझी पखवाजवाली पळवाट बंद होत गेली. कारण असला माणूस गाण्यात उभा करायला तसला माणूस आतून माहीत असावा लागतो. मालकी गाजवणारा, नजर ठेवणारा, स्वतःच्या दुखण्यापुढे दुसरं काही न दिसणारा. 'मेसेज इन अ बॉटल' घ्या, १९७९चं. एक माणूस बेटावर अडकलाय, एकटा. बाटलीत चिठ्ठी घालून समुद्रात सोडतो. आमच्या तांबळडेगच्या किनाऱ्यावर पावसाळा सरता सरता जाऊन बघा, समुद्र काय काय आणून टाकतो: तेलाचे कॅन, औषधाच्या बाटल्या, चिनी अक्षरांच्या बाटल्या, एका पायातल्या चपला, तुटलेल्या जाळ्यांचे गुंते. चिठ्ठी कशातच नसते. चिठ्ठी लिहायची म्हणजे आधी ती कुणीतरी वाचेल याची खात्री हवी. माझं एकटेपण एवढं मोठं आहे की अख्ख्या समुद्राला ते कळलं पाहिजे, असं वाटणारा माणूस हवा. कोपलँडला तसं वाटत नसणार, समर्सलाही नसणार. ते दोघे सभ्य, थट्टेखोर माणसं वाटतात. हनुवटी वर करून बोलणाऱ्यालाच ते वाटलं. आणि गंमत अशी, की त्याच गाण्यात शेवटी किनाऱ्यावर अगणित बाटल्या येऊन पडतात आणि त्याला कळतं की सगळेच असे एकेकटे बसलेत. म्हणजे त्या आत्मप्रौढीतून तो स्वतःच पलीकडे गेला, निदान तेवढ्या गाण्यापुरता. मुलाखतीत तो जिथे कधी पोचत नाही तिथे गाण्यात जातो. हे मला कबूल करायला जड जातं, पण ऐकताना ऐकू येतं.

तोही कुठल्या राजवाड्यात जन्मला नव्हता. वॉल्सएंड नावाच्या जहाजबांधणीच्या गावात, दूधवाल्याच्या घरी. रस्त्याच्या टोकाला बांधायला घेतलेली बोट आभाळ अडवून उभी असायची आणि एक दिवस पाण्यात जायची. नाव गॉर्डन समनर. आधी शाळामास्तर होता. काळे-पिवळे पट्टे असलेला स्वेटर घालायचा म्हणून कुणीतरी गांधीलमाशी ठरवून त्याला 'स्टिंग' केलं. पुढे त्यानं त्या बंद पडलेल्या गोदीवर संगीत नाटकही लिहिलं. आमच्याकडे बोटीवर गेलेल्या माणसांची घरं आहेत, म्हणून त्याचं हे एक मला लागतं. तरी तो आवडत नाही तो नाहीच.

त्या चतुर्थीत पाचव्या दिवशी आमच्याकडे रात्री भजन होतं. बुवांबरोबर जन्मभर पखवाज वाजवलेले काका आले होते, आता सत्तरीपुढचे, पण हातात अजून धार. काळ्या वाटाण्याची उसळ नि पाव झाल्यावर बाकीचे पुढच्या घरी गेले, काका गुडघे दुखतात म्हणून मागे थांबले. मी त्यांना लंडनचा दावा सांगितला. हौसेनं सांगितला, मुद्दाम. म्हटलं, बघा, तुमच्यासारखेच दोघे, अख्खी गाणी उभी केली आणि नाव एकट्याचं. काकांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं. मग मी त्यांना कोपलँडचा हात ऐकवला. एक कान त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. मान हलायला गेली आणि अधांतरी थांबली, तसे हसले.

"ह्यो वाजवता बरो," म्हणाले. "पण गाता कोण?"

म्हटलं, तोच. ज्याच्यावर दावा आहे तो.

"मगे तू पखवाजाचा काय सांगतंस माका? तुझो बापूस पण असोच. 'पखवाज बरो वाजलो, पखवाज बरो वाजलो'. गडग्यार बसान पहाट करायचो. कोण माझ्यासाठी पहाट करता रे? माझा नाव घेवन तो बुवाक ऐकायचो. माका म्हायत होता."

मी विचारलं, मग तुम्हाला राग नाही येत? त्यांनी आडकित्ता खाली ठेवला. "राग? माझे पैशे तेना बरेच बुडवल्यान. ह्या पाटार चारचौघांत माका काय काय बोल्लो, ता मी मरासर इसरूचंय नाय. तेका गाळी घालूक माका कोणाची परवानगी नको. पण गजराक तो वर गेलो मगे माझो हात माझो ऱ्हवना नाय. दुसऱ्या बुवांबरोबर वाजवलंय मी. चांगले मानूस. घराकडे नेवन जेवूक घालतत. हात काय चलना नाय." आणि मग, जरा चिडूनच, "तू त्या गोऱ्याचा कित्याक एवढा मनार घेतंस? तेका कोर्टात बघूंदे ते दोघे. तू आयक."

मला हे पटलं असं नाही. काकांना राग धरायचा हक्क आहे, त्यांचे पैसे बुडाले. म्हणून ते तो सहज बाजूला ठेवू शकतात. माझा राग फुकटचा, दुरून बघून आलेला, त्याला ठेवायला जागाच नाही. दावा त्या दोघांनी जिंकावा असं मला मनापासून वाटतं. सातबाऱ्यावर नाव लागू दे, पैसे मिळू देत. आणि स्टिंगनं तोंड उघडून मुलाखत दिली की मी चॅनेल बदलणार, हेही ठरलेलं.

आमच्या बुवांची पट्टी आता काळी तीनवर उतरली आहे. तरी फेब्रुवारीत जत्रेला त्यांची बारी लागली आहे, समोर वेंगुर्ल्याकडचे तरुण बुवा. तिठ्यावर बॅनर लागलाय. बुवांचा फोटो माणसाच्या उंचीचा, खाली 'भजनसम्राट', आणि पायाशी बारीक अक्षरात 'मृदंगमणी' म्हणून काकांचं नाव, त्यातही एक काना खाल्लेला. जाणार आहे. आणि गडग्यावर नाही, मंडपात पुढे बसणार आहे, म्हणजे बुवांचं तोंडही दिसेल.